गाडी असते ना बरोबर?

मराठी माणूस हिमालयात चालायला जायचं ठरवतो तेव्हा आयोजकाला फोन करून तीन प्रश्न विचारतो. संडास कसे आहेत, जेवणात भात असतो ना, आणि बरोबर गाडी असते ना? पहिल्या दोन प्रश्नांना काहीही उत्तर आलं तरी तो जातो. तिसऱ्याला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर त्याला एकदम मार्चअखेरची कामं आठवतात. ‘हो, असते’ असं आलं तर मात्र तो लगेच खुलासा करतो, “नाही, म्हणजे मला लागणार नाहीये. पण बरोबरच्या लोकांची वयं झालीत हो.”

बरोबरचे लोकही त्याच आयोजकाला दुपारपर्यंत हेच सांगून मोकळे झालेले असतात. गटातल्या प्रत्येकाने गाडी दुसऱ्यासाठी मागितलेली असते. एवढा परोपकार सोसायटीच्या वार्षिक सभेत दिसला असता, तर आमच्या इमारतीला केव्हाच नवा पंप बसला असता.

संदकफू हे या परोपकारी मंडळींचं हक्काचं ठिकाण. पश्चिम बंगालमधली ही सर्वांत उंच जागा, ३६३६ मीटर. सिंगालिला नावाच्या डोंगररांगेवर, भारत आणि नेपाळ यांच्या अगदी सीमेवर. जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू अशी चार इथून दिसतात. राहिलेलं के-टू दिसत नाही याबद्दल आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी नाराजी व्यक्त केली आणि ‘माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहायला हवं होतं’ असंही सुचवलं. के-टू पार काश्मीरच्या पलीकडे काराकोरममध्ये आहे, हे त्यांना समजावण्यात पहिला चहा गेला.

तर या संदकफूला पायी जाता येतं आणि गाडीनेही जाता येतं. डोंगर तोच, मुक्काम तेच आणि बऱ्याच ठिकाणी वाटही तीच. सगळा घोटाळा इथेच आहे. हिमालयातल्या बहुतेक वाटांवर चालणाऱ्याला पर्याय नसतो. पर्याय नसला की माणूस निमूटपणे चालतो आणि घरी आल्यावर त्यालाच जिद्द म्हणतात. इथे मात्र धाप लागून दगडावर टेकावं, तोच मागच्या वळणावर घरघर ऐकू येते, गाडी शेजारी येऊन मंदावते आणि आत एक जागा रिकामी दिसते. विश्वामित्राला मेनका एकदाच भेटली. इथे ती दिवसातून चार-पाच वेळा चढ चढून वर येते, तीही पहिल्या गिअरमध्ये.

वाट सुरू होते माने भंज्यांग नावाच्या गावात. दार्जिलिंगपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर खिंडीत वसलेलं गाव, अर्धं भारतात आणि अर्धं नेपाळात. हे गावच मुळी कळसूबाईपेक्षा उंच आहे. म्हणजे १६४६ मीटरचं महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर आम्ही न्यू जलपाईगुडीहून येणाऱ्या सुमोत, काचेला डोकं टेकवून, झोपेत ओलांडलं होतं. गाडीतून उतरल्यावर कुणीतरी हे लक्षात आणून दिलं, तेव्हा सगळ्यांना एकदम दमल्यासारखं वाटलं आणि मोमो मागवण्यात आले.

मोमो खाता खाता समोर बघावं तर रस्त्याच्या कडेने लँड रोव्हर उभ्या. पाली हिलवर काळ्या काचा लावून उभ्या असतात त्या नव्हेत. १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात जी पहिल्यांदा लोकांना दाखवली, तिच्या थेट घराण्यातल्या या. महायुद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती, म्हणून कंपनीने गाडीचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं. शेतकऱ्याला एकाच वाहनाने शेतातही काम करता यावं आणि बाजारातही जाता यावं, असा मूळ बेत. दार्जिलिंगकडच्या चहामळ्यांच्या साहेबांनी त्या इथे आणल्या. पुढे साहेब मायदेशी गेले, गाड्या डोंगरातल्या माणसांकडे राहिल्या. अंगाला गंज नाही, त्यामुळे म्हातारपण बाहेरून दिसत नाही. पोटात मात्र बरंच काही बदललेलं असतं, कित्येकींना महिंद्राचं डिझेल इंजिन बसवलंय. एका चालकाला मी विचारलं, “यात मूळचं काय काय आहे?” त्याने बॉनेटवर हात ठेवून बराच विचार केला आणि म्हणाला, “नंबर.”

कंपनीने स्वतःची सत्तरी साजरी करताना इथल्या ताफ्यावर एक छोटी फिल्मही काढली. तेव्हापासून या गाड्यांसमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी बसणाऱ्यांपेक्षा वाढली आहे. अलीकडे वाटेच्या बऱ्याच भागावर काँक्रीट पडलं आणि बोलेरोही वर जाऊ लागल्या. बोलेरोत बसलं की पोचता येतं. लँड रोव्हरमध्ये बसलं की सांगता येतं. आमच्या गटाने एकमताने लँड रोव्हर निवडली. ती कुणालाच लागणार नव्हती, हे आधी सांगितलंच आहे.

गाव सोडलं आणि चित्रे नावाच्या वस्तीकडच्या चढावर गटात वर्णव्यवस्था तयार झाली.

सगळ्यांत वर ते, जे आपली सॅक आपल्याच पाठीवर वाहतात. आमच्यात असे एकच होते. आम्ही त्यांना दुर्गमहर्षी म्हणत असू, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्यांच्या सॅकवर रतनगड, राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग असे बॅज शिवलेले होते. कापड कुठे संपतं आणि बॅज कुठे सुरू होतात, ते कळत नसे. माने भंज्यांगला चालकाने ती सॅक उचलायला हात पुढे केला, तेव्हा महर्षींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने सिंहगड पायी चढणारे आता दुचाक्यांकडे पाहतात.

त्यांच्या खालोखाल आम्ही, म्हणजे बहुसंख्य. सॅक गाडीत आणि पाठीवर एक छोटी पिशवी. त्या पिशवीत पाणी, चिक्की आणि अपराधी भावना. या वर्गाची गंमत अशी की तो वरच्या वर्गापुढे मान खाली घालतो आणि खालच्या वर्गापुढे ती दुपटीने वर करतो. खालच्या वर्गात येतात निवडक चालणारे. सपाटी आणि उतार दिसला की गाडीतून उतरायचं, काठी टेकत ऐटीत चालायचं आणि पुढे चढ दिसला की “जरा पाणी पितो” म्हणत गाडीपाशी जायचं. पाणी गाडीतच का प्यावं लागतं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर आपल्यालाही उद्या लागेल, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि या सगळ्याच्या बाहेर चिंचवडच्या काकू. वय सत्तरीच्या आसपास, दोन्ही गुडघे बोलके. पहिल्याच सकाळी त्या चालकाशेजारच्या जागेवर जाऊन बसल्या, मांडीवर लाडवांचा डबा घेतला आणि जाहीर केलं, “मला डोंगर बघायचाय. त्याच्याशी कुस्ती नाही खेळायची.” गटात एवढं स्पष्ट बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून काकूंबद्दल सगळ्यांना थोडी असूया वाटे.

खरं तर चालणाऱ्याबरोबर चाकं असण्यात आपल्याला काही नवल वाटायला नको. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर ट्रक असतो. त्यात तंबू, पातेली, पिठाची पोती आणि पाय सुजलेल्या एखाद्या आजी असतात. लोणंदपासून फलटणपर्यंत ट्रकमधून आल्या म्हणून त्या आजींची वारी झाली नाही, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. त्याच आजींचा नातू संदकफूला आला की मात्र गाडीतल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतो, “चालण्यातली मजा काही वेगळीच.” रायगडावर पायऱ्या चढून वर पोचलेला माणूस रोपवेतून उतरणाऱ्या कुटुंबाकडे कसा बघतो ते आठवा. शिवरायांना भेटायला दोघंही आलेले असतात. एकाला घाम आलेला असतो आणि दुसऱ्याकडे परतीचं तिकीट असतं.

बरं, सिंगालिलावर ही मदतीची प्रथा लँड रोव्हरनेही सुरू केलेली नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर १८४८ च्या मे महिन्यात याच रांगेवरच्या टोंगलूवर चढला, म्हणजे लँड रोव्हर जन्मायच्या बरोबर शंभर वर्षं आधी. वाटेत जळवांनी त्याला फोडून काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो पूर्व नेपाळच्या सफरीला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर छप्पन्न माणसांचा लवाजमा होता. तंबू, बॅरोमीटर, पानं-फुलं वाळवायचे कागदाचे गठ्ठे, शिधा, सगळं त्यांच्या पाठीवर. हूकर चालला याबद्दल इतिहासाला शंका नाही, कारण त्याचं सामान चाकांवर नव्हतं, माणसांवर होतं. आपल्याला इंजिन दिसलं की फसवणूक वाटते, पाठ दिसली की वाटत नाही. हूकरने हिमालयातल्या ऱ्होडोडेंड्रॉनना नावं दिली ती लेडी डलहौसींची, हॉजसनसाहेबांची. एखाद्या ओझेवाल्याचं नाव फुलाला लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमचे ओझेवाले, वाटाडे, हवामान खातं आणि मानसोपचारतज्ज्ञ असं सगळं मिळून एकच गृहस्थ होते. सिंगालिला हे १९९२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यातून पायी जायचं तर गाईड बरोबर घ्यावाच लागतो. आमच्या गाईडला सगळे ‘दाजू’, म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ, म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पन्नाशीचा काटक माणूस, पायात साधे कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. आमच्यापैकी निम्म्यांच्या बुटांची किंमत दाजूंच्या महिन्याच्या किराण्याएवढी असावी. त्या बुटांचं वॉटरप्रूफिंग, घोट्याचा आधार, तळव्याची इटालियन पकड यांवर आदल्या रात्री एक परिसंवाद झाला होता. दाजू त्या परिसंवादाला हजर होते. सकाळी त्यांनी कॅनव्हासच्या बुटाची नाडी घट्ट केली आणि छत्री काखेत मारून चालू लागले.

“दाजू, और कितना?” हा प्रश्न त्यांना दर दहा मिनिटांनी विचारला जाई. पहिले काही तास मला वाटायचं, ते अंतर सांगतात. मग लक्षात आलं की ते विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतात. लालबुंद चेहऱ्याला “बस, आधा घंटा”, पांढऱ्याफटक चेहऱ्याला “बस, वो मोड़ के पीछे”, आणि महर्षींना “आप का तो दस मिनट.” आपल्याकडे गडाच्या पायथ्याशी गाई राखणारा पोरगा “ह्ये काय, हितंच” म्हणतो, त्यात भोळेपणा असतो. दाजूंच्या उत्तरात अनेक वर्षांचा अभ्यास होता.

त्यांचं आणि चालकाचं संगनमत असावं, असा मला दाट संशय आहे. गाडी कधीच चढाच्या पायथ्याशी उभी नसे, कारण तिथे सगळे उत्साहात असतात. ती माथ्यावरही नसे, कारण तिथे पोचल्यावर सगळे शूर होतात. ती नेमकी चढाचे दोन भाग संपून तिसरा दिसायला लागतो तिथे, कडेला, बॉनेट उघडून उभी असे. चालक इंजिनात काहीतरी बघत असे. कुणाकडेही न पाहता तो म्हणे, “पीछे जगह है.” बस्स. आग्रह नाही, सहानुभूती तर मुळीच नाही. त्या तीन शब्दांनी भल्याभल्यांची तत्त्वं गार पडताना मी पाहिली आहेत. आमच्यातल्या आयटीतल्या तरुण जोडप्याने तर लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला ‘एकही पाऊल गाडीने नाही’ असा पण केला होता. मेघमा गावाच्या धुक्यात नवरा पुढच्या वळणावर वाट बघत उभा राहिला. मागून गाडी आली आणि त्याला ओलांडून निघून गेली. मागच्या खिडकीतून बायकोने हात हलवला. त्या संध्याकाळी दोघांनी वेगवेगळ्या टेबलांवर थुक्पा घेतला.

तुमलिंगला मुक्काम नेपाळात होता. इथे वाट सीमेच्या कधी या अंगाला जाते, कधी त्या अंगाला. पावलांना काही फरक जाणवत नाही, पण मोबाइलला जाणवतो. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. नेपाळी टॉवर सापडला की फोन परस्पर पाव तास म्हातारा होतो आणि भारताचा टॉवर आला की पुन्हा तरुण. यावरून नाश्त्याला कोण उशिरा आलं याचा वाद रोज होई आणि दोन्ही पक्ष पुरावा म्हणून फोन दाखवत. महर्षींनी मात्र यातून मार्ग काढला. ते निघायची वेळ नेपाळच्या घड्याळाने लिहीत आणि पोचायची भारताच्या. रोज पाव तास असा सीमेवरच वाचत असे.

सीमेचा दुसरा उपयोग त्यांच्या सॅकला झाला. तुमलिंगहून निघताना ‘फक्त स्लीपिंग बॅग, कारण ती आकाराने मोठी आहे’ म्हणून गाडीत गेली. गैरीबासला सशस्त्र सीमा बलाच्या चौकीवर ओळखपत्रं दाखवायची होती. ती काढताना सॅक उपसावी लागली, आणि बाहेर आलेल्या वस्तूंपैकी थर्मास, जादा बूट आणि दाण्याच्या चटणीची किलोची बरणी परत आत गेलीच नाही. पुढच्या चढावर मेतकूट गेलं. काळपोखरीचं काळंशार तळं आलं तेव्हा सॅकमध्ये एक रेनकोट उरला होता आणि बाहेर सगळे गड. वजनाच्या बाबतीत महर्षी आमच्याच वर्णात आले होते, पण हे सांगायची कुणाची हिंमत नव्हती. चटणीची बरणी काकूंच्या ताब्यात होती आणि तिच्यावर सगळ्यांचाच डोळा होता.

याच टप्प्यावर कधीतरी मी स्वतः लँड रोव्हरमध्ये बसून घेतलं. अभ्यास म्हणून. लेख लिहायचा तर दोन्ही बाजू माहीत असायला हव्यात.

आता खरं सांगतो. संदकफूची गाडी ही कष्ट वाचवायची सोय आहे, असं जो समजतो तो तिच्यात कधी बसलेला नाही. मागच्या भागात दोन बाकडी समोरासमोर, आडवी. बसलं की तुमचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांत अडकतात आणि मुक्काम येईपर्यंत कुणाचे कुठले ते सांगता येत नाही. खाली पट्ट्यांची स्प्रिंग, तिला लवचीकपणा हा मानवी गुण माहीत नाही. जिथे अजून दगडांचाच रस्ता आहे तिथे प्रत्येक दगड आधी चाकाला, मग स्प्रिंगला, मग बाकाला आणि मग माकडहाडाला स्वतंत्रपणे कळवला जातो. वळणं इतकी आवळ की गाडी एका दमात वळत नाही. ती अर्धी वळते आणि थांबते. क्लीनर मागे उडी मारून चाकाखाली दगड लावतो. मग गाडी मागे येते, दरीच्या बाजूला थोडी डोकावते, दगडावर टेकते, आतले सगळे आपापल्या कुलदैवताशी बोलून घेतात, आणि मग ती गुरगुरून वर चढते. असं प्रत्येक वळणाला. काकूंची रामरक्षा दोनदा म्हणून झाली आणि तिसऱ्यांदा सुरू होताना मीही तिच्यात सामील झालो. माने भंज्यांग ते संदकफू हे एकतीस-बत्तीस किलोमीटरचं अंतर कापायला गाडीला चार-पाच तास लागतात, म्हणजे ताशी सातेक किलोमीटर. एवढ्या वेगासाठी माणूस पैसे मोजून हाडं खिळखिळी करून घेतो आणि वर चालणारे त्याला आरामखोर म्हणतात.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. चालणारा माणूस तुमलिंग, काळपोखरी असे मुक्काम करत हळूहळू वर येतो. विरळ हवेची शरीराला बेताबेताने सवय होते. गाडीतला माणूस सकाळी माने भंज्यांगला पोहे खातो आणि दुपारी दीड हजार मीटर वर डोकं धरून बसतो. थेट गाडीने आलेल्या एका कुटुंबाला मी संदकफूच्या जेवणघरात पाहिलं. वडील टेबलावर कपाळ ठेवून, आई लिंबू हुंगत, मुलगा खिडकीतून उलटीची जागा शोधत. शेजारच्या टेबलावर आमची चालत आलेली मंडळी तिसऱ्यांदा भात घेत होती. दाजू त्या कुटुंबाला गरम पाणी आणून देत होते आणि “थोड़ा टाइम लगेगा” म्हणत होते. माझं मत विचाराल तर संदकफूला गाडीने जाणं हाच खरा साहसी प्रकार आहे. नाजूक प्रकृतीच्या लोकांनी चालत जावं.

हा सिद्धांत मी त्या रात्री शेकोटीभोवती मांडला. महर्षी चिडले. गाडीने आलेले एवढे दमलेले होते की त्यांना आपला सत्कार झालेला कळलाही नाही. वाद मग नेहमीच्या वळणावर गेला, ट्रेक नक्की केला कुणी? पूर्ण चाललेल्यांनी केला हे सर्वमान्य. ज्यांची सॅक गाडीत होती त्यांनी केला की नाही, यावर मतं पडली तेव्हा मोजणारे सगळे त्याच वर्गातले असल्यामुळे ठराव मंजूर झाला. निवडक चालणाऱ्यांना ‘अंशतः’ असा शेरा सुचवण्यात आला. त्यांतल्या एकाने शांतपणे विचारलं की मग या हिशेबाने... पण तोवर लाकडाच्या नळकांड्यात आंबवलेली नाचणी आणि वर गरम पाणी, अशी तोंग्बा आली होती. बांबूच्या नळीने ती ओढता ओढता त्याचं वाक्य तिथेच राहिलं. तोंग्बाचं एक बरं असतं. पाणी घालत राहिलं की ती संपत नाही, आणि ती संपेपर्यंत वाद संपतो.

आयोजकाने दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली, तेव्हा पुन्हा ठिणगी पडली. सगळ्यांना एकच मजकूर, एकच सही, एकच याकचं चित्र. महर्षींनी ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, “मग फरक काय राहिला?” काकूंनी आपलं प्रमाणपत्र चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाल्या, “माझ्या आडनावात वेलांटी चुकलीये. ती तेवढी बदलून द्या.”

पहाट मात्र प्रमाणपत्राच्या आधीची. चार वाजता दाजूंनी दारं वाजवली. थंडी अशी की दात एकमेकांशी बोलत होते. सगळे कड्यावर जाऊन उभे राहिलो. पूर्वेकडून उजेड आला आणि कांचनजंगाच्या रांगेवर रंग चढायला लागला. कुंभकर्ण शिखराच्या बाजूला चेहरा, कांचनजंगा म्हणजे पोट, पलीकडे पांडिमकडे पाय, अशी झोपलेल्या बुद्धाची आकृती इथून दिसते आणि ती दाखवावी लागत नाही, दिसतेच. डावीकडे दूर मकालू पुढे आणि त्याच्यामागे एव्हरेस्ट जरा अंग चोरून. अंतरामुळे मकालूच थोराड वाटतो, त्यामुळे निम्म्या गटाने मकालूलाच एव्हरेस्ट समजून नमस्कार केला. त्याने तो घेतला. नेमकी तेव्हाच मागे घरघर झाली आणि एक गाडी वर आली. तिच्यातून रबरी चपला घातलेले एक आजोबा, लोकरीच्या गाठोड्यातलं एक बाळ आणि वेफर्सची पिशवी हातात धरलेली एक मुलगी उतरली. आमच्या गटातून एक सामुदायिक सुस्कारा निघाला. आजोबांनी हात जोडले, मुलीने कर्रकन वेफर चावला. बुद्ध झोपलेला असल्यामुळे कोण कसं आलं याची नोंद झाली नाही.

परतीची वाट वेगळी होती. संदकफूहून गुर्दुममार्गे श्रीखोलापर्यंतचा उतार जंगलातून आहे आणि तिथे गाडी जात नाही. लँड रोव्हर आमचं सामान घेऊन आल्या वाटेने परत जाणार होती. निघण्यापूर्वी काकू तिच्यात बसतील असं सगळ्यांनी धरलं होतं. पण काकूंनी डबा चालकाच्या हवाली केला, गुडघ्यांना पट्टे बांधले आणि काठी घेऊन दाजूंच्या मागे उभ्या राहिल्या. “इतके दिवस वाचवलेत ते कशासाठी?” म्हणाल्या.

उतार कुणालाच ओळखत नाही. चढाला छाती लागते, उताराला गुडघे, आणि महर्षींनी आपले गुडघे रतनगडापासून इथपर्यंत ठिकठिकाणी खर्च केले होते. एका दिवसात दीड हजार मीटरपेक्षा जास्त उतरायचं होतं. बांबूच्या बनापर्यंत ते पुढे होते. गुर्दुमच्या आसपास ते आडवे चालायला लागले, एक पाऊल आधी, मग दुसरं त्याच्या शेजारी. काकू त्यांच्या बाजूने निघून गेल्या. जाताना त्यांनी एक लाडू दिला. मग मी महर्षींना दाजूंच्या बरोबरीने येण्यासाठी धडपडताना पाहिलं. आवाज खाली आणून, बाकीचे ऐकणार नाहीत अशा बेताने त्यांनी विचारलं, “दाजू, नीचे गाड़ी कहाँ तक आती है?”

दाजूंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“बस,” दाजू म्हणाले, “वो मोड़ के पीछे.”

श्रीखोला अजून दोन तास लांब होतं. तिथे पुलापलीकडे रिम्बिकला जाणारी गाडी उभी होती आणि चालकाशेजारची जागा काकूंनी पिशवी ठेवून अडवली होती. महर्षी लंगडत आले, दाराला धरून उभे राहिले आणि काही न बोलता त्या जागेकडे बघत राहिले. काकूंनी पिशवी उचलली, मागच्या बाकावर सरकल्या आणि चटणीची बरणी आधीच्या गाडीने पुढे गेली की काय याची चौकशी करू लागल्या.